नियत आणि हिशेब

आमच्या मोहल्ल्यातल्या बायका लग्नाला, उरुसाला किंवा बाळंतपणासाठी माहेरी निघाल्या की घरातली मोलाची चीजवस्तू आमच्या दादीकडे ठेवून जात. दादीला अक्षरओळख नव्हती, पण अमानत या शब्दाचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता. एकदा एका शेजारणीने आपली लाकडी पेटी तिच्या हवाली केली. पावसाळ्याचे दिवस होते. पेटीला वाळवी लागू नये म्हणून दादीने तिच्या बुडाला घासलेट फासले. ते फटीतून आत झिरपले आणि शेजारणीच्या लग्नातल्या साडीवर डाग पडले. शेजारीण परत आली तेव्हा दादीने स्वतःच पेटी उघडून तिला डाग दाखवला आणि ईदसाठी घेतलेली आपली नवी साडी तिच्यापुढे ठेवली. अब्बांना हे पटले नाही. ते म्हणाले, "अम्मा, तुमारी नियत तो साफ थी ना?" दादी म्हणाली, "नियत का हिसाब अल्ला लेंगा. साडी का हिसाब तो मेरेकूच देना पडेंगा."

दादीचे हे वाक्य मी अनेक वर्षे एका साध्यासुध्या बाईचा भाबडा प्रामाणिकपणा म्हणून लक्षात ठेवले होते. अलीकडे एका फार दूरच्या जागेचा इतिहास वाचताना ते मला नव्याने आठवले आणि त्यात केवढा मोठा नैतिक विचार दडलेला आहे हे जाणवले. ती जागा म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला एक लष्करी प्रशिक्षण तळ, कॅम्प ग्रेलिंग. माणसाची करणी कशावरून जोखायची, हेतूवरून की परिणामावरून, हा प्रश्न नीतिशास्त्रात फार जुना आहे. कॅम्प ग्रेलिंगच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि तोही ग्रंथातला प्रश्न म्हणून नव्हे, तर जमीन, पाणी आणि माणसांच्या जिवाचा प्रश्न म्हणून.

प्रथम त्या जमिनीविषयी. उत्तर मिशिगन हा मूळचा आनिशिनाबे लोकांचा मुलूख. 1819 आणि 1836 च्या तहांनी त्यातला फार मोठा भाग अमेरिकन सरकारच्या ताब्यात गेला. पुढे 1870 च्या दशकात रेल्वे आली आणि तिच्यामागून लाकडाच्या कंपन्या आल्या. पांढऱ्या पाइनची शेकडो वर्षांची झाडे दोन-तीन दशकांत आडवी झाली. नद्यांच्या काठी ओंडके रचायचे आणि पुराच्या पाण्यात ते एकदम सोडून द्यायचे, अशी लाकूड वाहून नेण्याची रीत होती. त्या लोंढ्यांनी नद्यांचे तळ खरवडून निघाले. ज्या माशाच्या नावावरून ग्रेलिंग गावाला नाव मिळाले, तो ग्रेलिंग मासा 1930 च्या दशकापर्यंत मिशिगनमधून नाहीसा झाला. वृक्षतोड, बेसुमार मासेमारी आणि बाहेरून आणून सोडलेले ट्राउट मासे ही त्याची कारणे. मासा गेला आणि गावाच्या पाटीवर त्याचे नाव तेवढे राहिले.

जंगल संपल्यावर मागे उरली ती बुंध्यांनी भरलेली रेताड जमीन. शेतीला ती निरुपयोगी. अनेक कंपन्यांनी अशा जमिनींचा कर भरणे सोडून दिले आणि त्या सरकारजमा झाल्या. अशा काळात, 1913 मध्ये, ग्रेलिंगमधला लाकडाचा मोठा व्यापारी रास्मुस हॅन्सन याने तेरा हजार एकरांहून अधिक जमीन लष्करी सरावासाठी मिशिगन राज्याला दान दिली. जवळच्या सरोवराला आज त्याच्या पत्नीचे, मार्ग्रेथचे नाव आहे.

या दानाकडे कसे पाहायचे? एक जण म्हणेल, केवढे औदार्य! दुसरा म्हणेल, ज्याने जंगल तोडून पैसा केला त्याने उरलेली रेती दान दिली, त्यात कसले आले औदार्य? तळ आला की गावात वर्दळ येणार आणि धंदा वाढणार, हे का त्याला कळत नव्हते? दोन्ही म्हणणी ऐकून घ्यावीत आणि बाजूला ठेवावीत, असे मला वाटते. दुसऱ्याच्या काळजातली नियत वाचण्याचे साधन माणसाजवळ नाही. एकाच कृत्यात औदार्य आणि व्यवहार दोन्ही असू शकतात. आपल्या हातात आहे ते एवढेच पाहणे, की ज्या कामासाठी वस्तू सोपवली गेली ते काम कसे झाले आणि त्याची झळ कोणाला लागली.

ते काम काय होते, हेही नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याचे स्वतःचे नॅशनल गार्ड असते. त्यातले बहुतेक जवान एरवी शिक्षक, कामगार, दुकानदार असतात. महिन्यातले दोन दिवस आणि उन्हाळ्यातले दोन आठवडे ते गणवेश चढवतात. युद्धात राष्ट्राध्यक्ष त्यांना बोलावू शकतात. एरवी त्यांचा हुकूमदार असतो राज्याचा गव्हर्नर. पूर आला, वादळ आले की गार्ड धावून जाते. पण राज्यात दंगा किंवा संप झाला तरी गार्डलाच बोलावले जाते. म्हणजे हे असे सैन्य आहे की ज्याची बंदूक सरहद्दीकडेही वळते आणि आपल्याच गल्लीकडेही.

हॅन्सनने जमीन दिली त्याच 1913 सालच्या जुलैमध्ये मिशिगनच्या उत्तर टोकाला तांब्याच्या खाणीतले कामगार संपावर गेले. दिवसाला आठ तास काम ही त्यांची एक मागणी होती. गव्हर्नर फेरिस यांनी राज्याचे सगळे गार्ड तिकडे पाठवले. खाणमालकांना ते संरक्षण वाटले, तर कामगारांना तीच दडपशाही वाटली. शांतता राखणे हा हेतू दोघांनाही ऐकवला गेला होता. शब्द एकच होता, पण त्याचा अर्थ बंदुकीच्या कोणत्या बाजूला तुम्ही उभे आहात त्यावर ठरत होता. आपल्या वाचकांना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

यानंतरची मोठी परीक्षा आली 1967 मध्ये. 23 जुलैच्या पहाटे डेट्रॉइट शहरात पोलिसांनी काळ्या वस्तीतल्या एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर छापा घातला आणि त्यातून शहर पेटले. त्या वेळी मिशिगन गार्डच्या अनेक तुकड्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी कॅम्प ग्रेलिंगमध्येच होत्या. गव्हर्नर जॉर्ज रोम्नी यांनी त्यांना बोलावले. दोनशे मैलांचा प्रवास करून, काही जण तर तीस-तीस तास न झोपलेले, हे तरुण एका अनोळखी शहराच्या रस्त्यांवर उतरले. जवळजवळ सगळे गोरे, आणि बहुतेकांचा काळ्या वस्तीशी कधी संबंध आलेला नाही. पाइनच्या रानात ते शत्रूशी लढण्याचा सराव करून आले होते. येथे समोर शत्रू नव्हता. घरे होती, दुकाने होती, खिडक्या होत्या.

त्या दिवसांत 43 माणसे मेली, त्यांतली 33 काळी होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने 1968 मध्ये आपला अहवाल दिला. त्याच्या तपासणीनुसार सर्वाधिक मृत्यू पोलिसांच्या हातून झाले. गार्डच्या हातून किमान सात, बहुधा नऊ. केंद्र सरकारने पाठवलेल्या लष्कराच्या हातून एक. गार्डने दीड लाखाहून जास्त गोळ्या झाडल्या. लष्कराच्या पॅराट्रूपर जवानांनी झाडल्या त्या सुमारे दोनशे. हे जवान व्हिएतनामचा अनुभव असलेले होते आणि त्यांच्यात काळ्या जवानांचे प्रमाण चांगले होते. त्यांचे सेनापती थ्रॉकमॉर्टन यांनी बंदुका रिकाम्या करण्याचा हुकूम दिला तेव्हा पॅराट्रूपर्सनी तो पाळला. गार्डमध्ये तो हुकूम नीट पोचलाही नाही. एका रात्री खिडकीत सिगारेट पेटवल्याचा उजेड दिसला. तो बंदुकीचा जाळ समजून गार्डच्या रणगाड्यावरून मशीनगन चालवली गेली आणि घरातली चार वर्षांची मुलगी ठार झाली.

त्या मशीनगनमागच्या तरुणाची नियत काय असेल? मुलीला मारण्याची तर नक्कीच नसेल. तो भ्यालेला होता, जागरणाने थकलेला होता, आणि आपण शहराचे रक्षण करीत आहोत असे त्याला मनापासून वाटत असेल. ज्यांनी त्याला पाठवले तेही त्याच भाषेत बोलत होते. मग त्या मुलीच्या आईवडिलांनी कोणाकडे पाहायचे? प्रत्येकाची नियत साफ, आणि मूल तर गेलेले! नियतीवरच सगळा न्याय तोलायचा म्हटले तर जगातल्या निम्म्या दुःखांना कोणी जबाबदारच उरत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग हेतू सोडा, परिणाम पाहा. हाही मार्ग दिसतो तेवढा सरळ नाही. त्याचे उदाहरणही याच मुलखात आहे. कर्टलँडचा वटवट्या नावाचा एक लहानसा, पिवळ्या छातीचा पक्षी आहे. हिवाळा तो बहामा बेटांवर काढतो आणि उन्हाळ्यात मुख्यतः मिशिगनच्या या रेताड भागात येऊन जॅक पाइनच्या कोवळ्या झाडांखाली, जमिनीवर घरटे करतो. झाडे पाच-सहा वर्षांहून लहान असली तर त्याला चालत नाहीत आणि वीस वर्षांहून मोठी झाली तरी तो ती जागा सोडतो. जॅक पाइनची शंकूसारखी फळे उघडतात ती आगीच्या धगीने. म्हणजे आग नाही तर कोवळी झाडे नाहीत, आणि कोवळी झाडे नाहीत तर हा पक्षी नाही. विसाव्या शतकात वणवे विझवण्याची यंत्रणा चोख झाली. त्यातच गायपाखरे त्याच्या घरट्यात आपली अंडी घालू लागली. पक्ष्याची संख्या घटत गेली. 1974 मध्ये गाणारे नर मोजले तेव्हा ते भरले अवघे 167. या पडत्या काळात त्याला ज्या जागांनी आसरा दिला, त्यांत कॅम्प ग्रेलिंगच्या तोफखान्याच्या मैदानाजवळचे जळके रान होते. तोफगोळ्यांनी आगी लागत, त्या राखेतून जॅक पाइन उगवे आणि तेथे हा पक्षी घरटे करी. पुढे अनेक वर्षे मुद्दाम झाडे लावून, गायपाखरांचा बंदोबस्त करून त्याला जपले गेले आणि 2019 मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून त्याचे नाव निघाले.

आता केवळ परिणामावरून निवाडा करायचा तर तोफेला पक्षिमित्र म्हणावे लागेल. वणवे विझवणाऱ्याला पक्ष्याचा वैरी म्हणावे लागेल. हे कोणाच्याही सद्‌सद्विवेकाला पटणार नाही. तोफ डागणाऱ्याच्या ध्यानीमनीही तो पक्षी नव्हता. योगायोगाने झालेल्या भल्याचे श्रेय आपल्या खात्यावर मांडता येत नाही. मात्र या उदाहरणावरून काही जण भलताच निष्कर्ष काढतात. ते म्हणतात, भले झाले तेही योगायोगाने आणि वाईट झाले तेही योगायोगाने, तेव्हा फिटंफाट. माझ्या मते खरा घोटाळा येथेच आहे. नकळत झालेल्या भल्याबद्दल कोणी आपल्याला देणे लागत नाही. नकळत झालेल्या नुकसानीबद्दल मात्र आपण देणे लागतो. या दोन गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत टाकून एकमेकींतून वजा करता येत नाहीत.

हे नुकसान कसे असते ते ग्रेलिंगच्या पाण्याने दाखवून दिले. विमानाचे इंधन पेटले की साध्या पाण्याने ती आग विझत नाही. त्यासाठी 1960 च्या दशकात अमेरिकन नौदल आणि रसायन उद्योग यांनी मिळून एक खास फेस तयार केला. तो इंधनावर पातळ पडद्यासारखा पसरतो आणि आगीचा श्वास कोंडतो. त्याने किती वैमानिकांचे आणि अग्निशमन जवानांचे प्राण वाचवले असतील! लष्करी तळांवर आणि विमानतळांवर वर्षानुवर्षे त्या फेसाचा सराव झाला. फेस जमिनीवर पडे आणि मुरून जाई. पण त्यात पीएफएएस नावाची रसायने होती. कार्बन आणि फ्लोरिन यांचा त्यांच्यातला बंध इतका घट्ट असतो, की निसर्गात ती जवळजवळ मोडतच नाहीत. पाण्यातून ती शरीरात जातात आणि त्यांतली काही तेथे वर्षानुवर्षे राहतात. काही प्रकारचे कर्करोग, वाढलेले कोलेस्टेरॉल, दुबळी झालेली प्रतिकारशक्ती यांच्याशी त्यांचा संबंध आढळला आहे.

2016-17 च्या सुमारास कॅम्प ग्रेलिंगच्या धावपट्टीच्या परिसरातल्या भूजलात ही रसायने सापडली. मग आसपासच्या घरांच्या बोअरचे पाणी तपासायला सुरुवात झाली. मार्ग्रेथ सरोवराच्या परिसरातही ती आढळली. ज्या रेताड जमिनीला निरुपयोगी म्हणून कोणी विचारत नव्हते, त्याच रेतीतून पाणी झपाट्याने खाली उतरते. त्यामुळेच तेथल्या ऑ साबल आणि मॅनिस्टी या नद्या थंड आणि निर्मळ राहिल्या आहेत. ऑ साबल या फ्रेंच नावातही वाळूच आहे. आणि त्यामुळेच फेसातले विषही अडथळ्याविना भूजलापर्यंत पोचले. 2020 मध्ये मिशिगनने पिण्याच्या पाण्यासाठी यांतल्या दोन प्रमुख रसायनांची मर्यादा ठरवली, एकाची एक लाख कोटी भागांत आठ भाग आणि दुसऱ्याची सोळा. इतक्या सूक्ष्म मात्रेचा धाक घ्यावा लागतो, यावरून गोष्टीचे गांभीर्य कळावे.

ज्यांच्या बोअरमध्ये ते विष उतरले, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरांत गार्डमध्ये गेलेली माणसे आहेत. तळाविषयी त्यांना आकस नव्हता, अभिमानच होता. त्यांचे म्हणणे साधे होते: आमच्या पाण्याचे काय? तपासण्या झाल्या, अहवाल झाले, बैठका झाल्या. सफाईचे काम मात्र आगीइतक्या वेगाने होत नाही. मला येथे दादीची पेटी आठवते. फेसाची नियत जीव वाचवण्याची होती, घासलेटची नियत पेटी वाचवण्याची होती. दोन्ही फटीतून झिरपले. फरक एवढाच, की दादीने पेटी स्वतः उघडून डाग दाखवला.

आज हा तळ सुमारे 1 लाख 47 हजार एकरांवर पसरलेला आहे. नॅशनल गार्डचा देशातला हा सर्वांत मोठा प्रशिक्षण तळ. त्यातली बहुतेक जमीन राज्याच्या जंगलाची असून भाडेपट्ट्याने घेतलेली आहे. सराव नसतो तेव्हा तिच्यातल्या मोठ्या भागात लोक शिकारीला, मासेमारीला, फिरायला जातात. 2022 मध्ये राज्याच्या लष्करी खात्याने आणखी 1 लाख 62 हजार एकरांपर्यंत सरकारी जंगल सरावासाठी मागितले. म्हणजे तळाचा पसारा दुपटीहून जास्त झाला असता. कारण दिले गेले ते असे, की युद्धाचे तंत्र बदलले आहे, इलेक्ट्रॉनिक आणि सायबर युद्धाचा सराव करायला विस्तीर्ण मोकळी जागा हवी. हे कारण खोटे होते असे मी म्हणणार नाही. जगात युद्धे चालू आहेत आणि शिपायाला अर्धवट शिकवून पाठवणे हाही त्याच्यावर अन्यायच आहे. डेट्रॉइटने तेच तर दाखवले होते.

पण त्या परिसरातली माणसे उभी राहिली. मासेमारी करणारे, जंगलात फिरणारे, गावपंचायतींसारख्या तिथल्या स्थानिक संस्था आणि आदिवासी समूह यांनी विरोध नोंदवला. त्यांच्यातल्या अनेकांचा युक्तिवाद देशविरोधी नव्हता, लष्करविरोधीही नव्हता. आधी जे सोपवले आहे त्याचा हिशेब द्या, पाणी साफ करा, मग पुढचे मागा, एवढेच ते सांगत होते. एप्रिल 2023 मध्ये राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याने ती जमीन भाडेपट्ट्याने द्यायला नकार दिला. गरजेपुरते, मर्यादित परवाने 52 हजार एकरांपर्यंतच्या जागेसाठी मागता येतील, अशी तोड काढली गेली. मला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो. संरक्षण हा शब्द उच्चारला की जगभर माणसे गप्प होतात. प्रश्न विचारणाऱ्याच्या निष्ठेवरच प्रश्नचिन्ह लावले जाते. येथे लोकांनी प्रश्न विचारले आणि ते विचारल्यामुळे त्यांची देशभक्ती कमी ठरली नाही.

कॅम्प ग्रेलिंगजवळच आणखी एक दान आहे. हॅन्सनच्याच कंपनीकडून 1927 मध्ये कॅरन हार्टविक या बाईने आठ हजारांहून अधिक एकर जमीन विकत घेतली आणि राज्याला दिली. तिचा नवरा, मेजर एडवर्ड हार्टविक, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये आजारपणाने मरण पावला होता. त्याच्या स्मरणार्थ हे दान. त्या जमिनीत कुऱ्हाडीतून वाचलेल्या जुन्या पाइनचा एक तुकडा होता. 1940 च्या वादळात त्यातली बरीच झाडे पडली. आज तो 49 एकरांचा उरला आहे. एक दान माणसांना युद्धासाठी तयार करण्याकरिता, दुसरे युद्धात गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी. यांतले एक पुण्याचे आणि दुसरे पापाचे, असा सोपा निवाडा मला करायचा नाही. दोन्ही अमानती आहेत. त्या ज्यांच्या हाती आल्या त्यांच्यावरच त्यांची इभ्रत अवलंबून आहे.

तेव्हा हेतू की परिणाम, या वादात माझे उत्तर असे: हेतूवरून माणूस कळतो, पण परिणामातून त्याचे कर्तव्य ठरते. हेतू शुद्ध असेल तर त्याला गुन्हेगार म्हणू नये. पण गुन्हेगार नसणे म्हणजे देणेकरी नसणे नव्हे. आणि जो रक्षणाच्या नावाने दुसऱ्याची जमीन, पाणी, पैसा किंवा विश्वास हाती घेतो, त्याने तर कोणी मागण्याआधीच हिशेब मांडला पाहिजे. हे सैन्याला लागू आहे, सरकारला लागू आहे, आणि जमातीच्या, शाळेच्या, संस्थेच्या नावाने कारभार पाहणाऱ्या आपल्यालाही तितकेच लागू आहे. आमची नियत साफ होती, हे वाक्य आपण सभांतून किती वेळा ऐकतो! त्या वाक्याने चर्चा संपते. वास्तविक तेथून ती सुरू व्हायला हवी.

दादीने दिलेली साडी शेजारणीने घेतली. न घेऊन दादीचा मान कमी करावा असे तिला वाटले नाही. डाग पडलेली साडीही तिने टाकून दिली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती माहेरी निघाली तेव्हा आम्हा मुलांना वाटले होते, आता काही ती आपल्या घरी येत नाही. पण ती आली. डोक्यावर तीच लाकडी पेटी होती.